आपल्यातलाच हवा

११ ऑगस्ट १९९६, रविवार

रक्तदाब वरचा एकशे साठ, खालचा शंभर. डॉक्टर म्हणाले, "चिडणं सोडा." मी म्हटलं, "ते सोडून मग धरू काय?" ते म्हणाले, "लोकांना जे बोलावंसं वाटतं ते लिहून काढत जा." म्हणून ही वही. बँकेनं जानेवारीत फुकट दिली होती, सात महिने टीव्हीखाली लोळत होती. आज कामाला लागली.

डायरीला ओळख करून द्यावी लागते की नाही ठाऊक नाही, पण देतो. गिरीराज राव, वय एकोणपन्नास, घड्याळांच्या सरकारी कारखान्यात तपासनीस. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो, त्यामुळे स्वतःच्या शोधायला सवड मिळालेली नाही. बायको शालन, बेळगावची, विम्याच्या कचेरीत आहे. मुलगी भव्या, डिसेंबरात सतरा पूर्ण होतील, दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला, सायन्स. नाक आणि जीभ माझी. घर जे. पी. नगरात. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आले असं आमच्यातलं प्रत्येक घर सांगतं. त्या फौजेत आचारी आणि मोतद्दार कोणी नव्हतेच बहुधा, सगळे सरदार.

दुपारी उमाजी आला. चिकपेटात साड्यांचं ठोक दुकान, दुकानाला शोभेल असं पोट, आणि माझा शाळेपासूनचा मित्र. म्हणजे मी बोलतो आणि तो हसतो, अशी एकूण मैत्री. आज मात्र तोच बोलला.

"गिऱ्या, तुझी भव्या आमच्या अभिराजला दे."

"आत्ता? पाचला फिजिक्सचा क्लास आहे तिचा."

हसला. मग म्हणाला, लग्नाची घाई नाही, पोरं शिकू देत, नुसता शब्द होऊ दे. आमच्यात हे असंच चालतं. गावभर मिळून आमची तीनशे घरं. पोरगी कॉलेजात कोणा रेड्डीच्या प्रेमात पडायच्या आत तिचा शब्द देऊन मोकळं व्हायचं. या चालीची मी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या अंकात दोनदा टिंगल केली आहे, पण तेव्हा मागणं माझ्या घरी आलं नव्हतं. अभिराज अठराचा, बी. कॉम.ला. दुकानात बसला की गिऱ्हाइकाला आपणहून सांगतो, "ही नका घेऊ, रंग जातो." असला मुलगा धंदा बुडवणार, पण जावई म्हणून उत्तम.

शालनच्या हातातली कॉफी कलंडली. "शिकतेय की अजून ती," एवढं बोलून फडकं आणायला आत गेली ती उमाजी जाईपर्यंत बाहेर आली नाही. बेळगावच्या माणसांना आम्ही निम्मे कानडी वाटतो. तोच आकस असणार.

१३ ऑगस्ट

ठरवलं होतं की एक गोष्ट या वहीत लिहायची नाही. पण शालननं आज तीच काढली. भव्या क्लासला गेल्यावर दार लावून म्हणाली, "हा शब्द द्यायचा नाही."

"का?"

"का म्हणून मलाच विचारताय? तेव्हा डॉक्टरीणबाईंना तुम्हीच सांगितलं होतंत की, देणारा आपल्यातलाच हवा म्हणून."

तर लिहितोच. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सगळे शालनकडे बघायचे, तीही खाली बघायची. अठ्ठ्याहत्तर साली उमाजीच्या बायकोनं, अंबुबाईनं, शालनला डॉक्टर पद्मावतींकडे नेलं, तिथे माझी तपासणी झाली आणि मी रिजेक्ट झालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाय आहे. कोणा निरोगी विद्यार्थ्याचं घ्यायचं, त्यात तुमचं मिसळायचं. मग मूल कोणाचं हे ना मला कळणार, ना तुम्हाला, ना देवाला.

मी एक रात्र विचार केला आणि एकच अट घातली: देणारा आपल्यातला हवा. जातीवर विनोद करणारा मी. डॉक्टरीणबाई माझ्याकडे जरा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सरी, ठीक. तुमच्यातलाच."

तर पन्नास टक्के. कारखान्यात शंभरातलं एक घड्याळ मागे पडलं तर मी अख्खा लॉट परत पाठवतो, पण इथे पन्नासावर अठरा वर्षं सुखानं राहिलोय. आणि भव्याचं नाक बघितलेल्या कोणालाही पन्नास हा आकडा कमीच वाटेल.

शालनला म्हटलं, "तीनशे घरं आहेत. त्यातलं नेमकं उमाजीचंच नातं निघणार आहे का? शिवाय माझे पन्नास टक्के धर की हिशेबात."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, पण कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी जिंकलो असं धरून चालतो.

२५ ऑगस्ट, रविवार

आज उमाजी, अंबुबाई आणि अभिराज जेवायला आले. आमच्यात शब्दाच्या आधी मुलीच्या बापानं मुलाचे पाय धुवायचे असतात. घंगाळ, तांब्या, मागे टॉवेल घेऊन मुलगी. भव्या म्हणाली होती, "मी टॉवेल-स्टँड आहे का?" पण उभी राहिली. तिला वाटतंय नुसतं जेवणाचं आमंत्रण आहे, मोठ्यांचे काहीतरी सोपस्कार. शब्दाचं तिला अजून सांगितलेलं नाही. बारावीचं वर्ष, मन कशाला विचलित करा.

अभिराजनं बूट-मोजे काढले, घंगाळात पाय ठेवले. मी पाणी ओतलं.

दोन्ही पायांचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट नखापर्यंत जोडलेलं. मधे बदकासारखी कातडी.

भव्याचे पाय असेच आहेत. जन्मली तेव्हा सुइणीनं दाखवले, शालन म्हणाली, माझ्या आजीचे असे होते. मी त्या बोटांना बोट लावून तिला हसवायचो. जगात असे पाय दोनच, अशी माझी समजूत.

तांब्यातलं पाणी संपलं तरी मी तो वाकडाच धरून बसलो होतो. उमाजी म्हणाला, "काय रे, पोरगा धुतोस की रोप लावतोस?" सगळे हसले. अंबुबाई हसली नाही. शालन स्वयंपाकघराच्या दारात होती. भव्यानं टॉवेल पुढे केला, खाली बघितलं, आणि मग स्वतःचे पाय परकराच्या आत ओढून घेतले.

"नागपंचमी झाल्यावर बघू, पत्रिका बघायची आहे," असं काहीबाही बोलून मी शब्द पुढे ढकलला. पंचमी होऊन गेलेली आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाहुणे गेल्यावर भव्यानं विचारलं, "अप्पा, माझ्या पायाची बोटं कोणासारखी?"

"बदकासारखी," मी म्हटलं.

२७ ऑगस्ट

अर्धी रजा टाकून चिकपेटला गेलो. उमाजीच्या दुकानात गादीवर बसायचं तर चपला बाहेर. मित्राच्या पायाकडे इतक्या आस्थेनं मी जन्मात बघितलं नव्हतं. त्याची दहाही बोटं सुटी, रुंद, इमानदार. मनात काय आलं होतं ते आता लिहायला हरकत नाही: तेव्हा आम्हाला त्या दवाखान्याचा रस्ता दाखवला तो याच्याच घरानं. देणारा आपल्यातला. म्हणजे हाच तर नव्हे? की देण्याघेण्यात डॉक्टरीणबाईसुद्धा नव्हती?

शालनची मनातल्या मनात माफी मागितली. प्रत्यक्ष मागायची म्हणजे आधी आरोप सांगावा लागला असता.

उमाजीनं कॉफी मागवली. "तब्येत बरी आहे ना? खाली मान घालून बसलायस."

१ सप्टेंबर, रविवार

अंबुबाई एकटीच आली. उमाजी लग्नाच्या खरेदीच्या गिऱ्हाइकांत अडकला होता. शालननं तिला आत नेलं नाही, माझ्यासमोर बसवलं.

"अण्णा," अंबुबाई म्हणाली, "तुम्ही बघितलंत. मीही बघितलं. भव्याची बोटं मला माहीत नव्हती, ती सदा बूट घालून असते."

"म्हणजे अभिराजसुद्धा...?"

"यांना ठाऊक नाही. यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, तुमचंच आहे, फक्त त्याला जरा ताकद दिलीय. एवढ्यावर हा माणूस अठरा वर्षं पेढे वाटतोय. अण्णा, तुमच्या पाया पडते. काहीतरी निमित्त काढून नाही म्हणा. पत्रिका म्हणा, शिक्षण म्हणा. पण यांना सांगू नका."

"देणाऱ्याबद्दल तुम्ही काही विचारलं होतं?"

ती म्हणाली, "मी तर अट घातली होती. आपल्यातलाच हवा."

शालन हसली. तिचं असलं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

वचन दिलं की उमाजीला सांगणार नाही. पोरांना तर प्रश्नच नाही. मुलांना कशाला त्रास.

१७ सप्टेंबर

काल गणपती बसले. मोदक होत होते, भव्या पाटावर बसून नारळ खवत होती. एकदम म्हणाली, "अप्पा, लग्नानंतर मी इतक्या उशिरा का झाले?"

"तू वरून बघत होतीस, या घरात जावं की नाही."

"खरं सांगा ना."

"खरं सांगायला मी काय कोर्टात उभा आहे?"

शालननं सारणाची कढई आपटून उतरवली. भव्या खवत राहिली. बोट कापून घेतलं तिनं, खवणीवर लक्ष नसतं या मुलीचं.

२२ सप्टेंबर, रविवार

हेब्बाळला गेलो. मॅजेस्टिकला बस बदलून दोन तास. डॉक्टर पद्मावती निवृत्त होऊन तळ्याकाठी राहतात, पेरूची झाडं लावली आहेत. सत्तरी उलटलेली, मूळच्या धारवाडच्या, मराठी चोख.

"गिरीराज राव. अठ्ठ्याहत्तर साल," मी म्हटलं.

"नाव नको. काय झालं ते सांगा."

सांगितलं. बोटं, अभिराज, शब्द. त्या ऐकत होत्या आणि पेरू चिरत होत्या. मग मी मुद्द्यावर आलो. "पण मिसळलं होतंत ना तुम्ही? म्हणजे भव्या माझीसुद्धा असू शकते. नाक..."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मिसळण्यासारखं तुमच्याकडे होतं काय?"

मी पेरूच्या फोडी मोजल्या.

"सगळ्या नवऱ्यांना तेच सांगायचे मी. नवरा शांत राहिला की मूल सुखानं वाढतं."

"आणि बायकांना?"

"ज्या विचारायच्या त्यांना खरं सांगायचे. तुमच्या बायकोनं विचारलं. तुम्ही नाही विचारलंत. तुम्ही फक्त जात विचारलीत."

पेरूला तिखट-मीठ लावून बशी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ला. का खाल्ला कोण जाणे.

"तुमच्यातली सहा-सात घरं आली माझ्याकडे," त्या म्हणाल्या, "प्रत्येकाची तीच अट. आणि तुमच्यातला विद्यार्थी माझ्याकडे एकच. मी गौडांचा दिला असता, शेट्टींचा दिला असता, मंगळूरचा ख्रिश्चन दिला असता. पोरं सात दिशांची झाली असती, आणि तुम्ही आज इथे आला नसतात."

"त्या घरांची नावं?"

"कागद निवृत्तीच्या दिवशी जाळले. तेही मी तुम्हा लोकांना वचन दिलं म्हणूनच."

घरी आलो तेव्हा भव्या मैत्रिणीकडे गेली होती. शालन कपड्यांना इस्त्री करत होती.

"तुला माहीत होतं?"

काय ते तिनं विचारलंसुद्धा नाही. "हो."

"अठरा वर्षं?"

"तुम्ही कधी विचारलं नाही."

"मी तिचं नाक माझ्यासारखं म्हणायचो तेव्हा तू मान डोलवायचीस!"

"डोलवली. दुसरं काय करणार होते? तुम्हाला बाप व्हायला नाक लागत होतं."

इस्त्री चालूच होती. माझाच शर्ट होता.

२३ सप्टेंबर

डॉक्टरीण: फसवलं. बायको: फसवलं. अंबुबाई: माझ्याकडून वचन काढून मला फसवणाऱ्यांत सामील केलं. एकटा उमाजी राहिला, आणि तो हसतमुख मूर्ख आहे म्हणून. माझ्यासारखा फसवला गेलेला माणूस या शहरात दुसरा नसेल.

आज कारखान्यात एका तासात चाळीस घड्याळं रिजेक्ट केली. सुपरवायझर म्हणाला, "राव साहेब, स्वल्प नीट बघा. चांगली आहेत ती." असतील.

भव्या जेवायला हाक मारायला आली. मी म्हटलं भूक नाही. ती दारात उभी राहिली, नाकाकडे बघितलं मी तिच्या. कोणाचं कोण जाणे नाक. तिला वाटलं मी तिच्याकडे बघतोय. "काही झालंय का अप्पा?" म्हणाली. मी म्हटलं, ॲसिडिटी.

६ ऑक्टोबर, रविवार

भव्यानं वही आणली. बायॉलॉजीचा गृहपाठ म्हणे, घराण्याचा तक्ता. कोणाचे डोळे घारे, कोणाला टक्कल, कोणाची जीभ गुंडाळते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

"जोडबोटांसाठी भरायचाय," ती म्हणाली. "हे आई-बापांपैकी एकाला असल्याशिवाय सहसा मुलाला येत नाही. तुमची सुटी आहेत. आईची सुटी आहेत."

"सहसा म्हणालीस ना."

"हो. सहसा." पेन धरून थांबली. चांगली मिनिटभर थांबली.

मला ऐन वेळी सुचलं म्हणून मी खूश आहे, ते लिहितो. म्हटलं, "तुझ्या आईच्या आजीला होती. आणि तिची एक चुलत बहीण होती अथणीला, गंगाअक्का म्हणून, तिची तर तीन-तीन बोटं जोडलेली. पोहायची बघ कृष्णेत, काठावरची बदकं लाजायची."

"गंगाअक्का," भव्यानं लिहून घेतलं. गोल काढला, भरला. मग वही मिटली. "थँक्स अप्पा. पुरे एवढं."

शालनच्या नात्यात गंगाअक्का कोणीच नाही. पण तक्ता कसा भरगच्च दिसला.

१२ ऑक्टोबर

तक्ता भरला त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी कन्नडमध्ये बोलते. सरी, आयतु, बेडा. ठीक, झालं, नको. घरात मराठी हा आमचा साडेतीनशे वर्षांचा शिरस्ता. विचारलं तर म्हणाली, तोंडी परीक्षेची सवय करतेय. सायन्सला कसली कन्नडची तोंडी परीक्षा?

२० ऑक्टोबर, रविवार

फोनवर कुजबुज वाढली आहे. आज "लायब्ररी" म्हणून गेली, मी मागोमाग गेलो. जयनगरच्या दर्शिनीत, त्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, इडली खात होती, समोर अभिराज. एका कागदावर दोघांची डोकी जुळलेली. तो काहीतरी म्हणाला आणि दोघं एकदम हसले, मान मागे टाकून, एकाच तऱ्हेनं.

ज्याची भीती तेच: प्रेमात पडलेत.

मी पुढे झालो. अभिराज सरळ उभा राहिला, "काका." भव्यानं कागदाची घडी घातली. पळाली नाही, लाजली नाही. आणि मराठीत बोलली, पंधरा दिवसांनी.

"अप्पा, तुम्हाला काही बोलायचंय का?"

अभिराज हळूच म्हणाला, "मी कॉफी आणतो," आणि गेला. आम्ही दोघंच. तिची प्लेट संपलेली, हात धुवायलासुद्धा ती हलली नाही.

मी म्हटलं, "इथल्या इडलीत सोडा जास्त असतो."

"आयतु," ती म्हणाली.

घरी येऊन शालनला सांगितलं, पोरं हाताबाहेर चालली आहेत. ती म्हणाली, "आजच्या आज सांगा तिला. नाहीतर मी सांगते."

"तू सांगायचं नाहीस. मी बाप आहे. दिवाळी होऊ दे."

"बाप आहात तर दिवाळी कशाला?" शालन म्हणाली. बेळगावची माणसं फटकळ.

भाऊबीज

उमाजीच्या घरच्यांना भव्यानंच फोन करून बोलावलं. मला सकाळी कळलं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं. अभिराज आला तो सरळ पाटावर बसला. भव्यानं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्यानं ताटात एक खोका ठेवला, पायात घालायचे सपाट सँडल, बोटं उघडी राहणारे. ती म्हणाली, "आता घालीन."

शालन भिंतीला टेकली होती. अंबुबाई डोळे पुसत होती. आमच्यात मुलीला स्थळ नको असेल तर ती त्याला ओवाळते, विषय संपतो, कोणी कारण विचारत नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरीनं आपणहून वाट काढली होती. आता कोणाला काही सांगायचं कारणच उरलं नाही! मी उमाजीकडे वळून म्हटलं, "घ्या. एका करंजीत जावई गेला आणि मुलगा मिळाला."

कोणी हसलं नाही. चाळीस वर्षांत माझ्या विनोदाला उमाजी हसला नाही असं पहिल्यांदा झालं.

"गिऱ्या, मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"सगळं. अभ्यानं सांगितलं, गणपतीनंतर. भव्यानं त्याला बोटं दाखवली, त्यानं आईला विचारलं, मग मला सांगायला आला."

"आणि दीड महिना माझ्याकडे येऊन कॉफी पितोयस?"

"तू सांगशील म्हणून येत होतो."

मी अंबुबाईकडे बघितलं. ती पदराआडून म्हणाली, "मला वाटलं होतं मोडून पडतील."

"पडलोच होतो," उमाजी म्हणाला. "चार दिवस दुकान बंद ठेवलं. कोणाशी बोललो नाही, हिच्याशी तर नाहीच. पाचव्या दिवशी हा किल्ल्या घेऊन आला, म्हणाला, बाबा, सणासुदीचे दिवस, चला. गेलो." मग तो माझ्याकडे वळला. "माझ्या पोरानं मला येऊन सांगितलं, गिऱ्या. तुझी पोरगी तुझी वाट बघत राहिली."

भव्या निरांजनाची वात सारखी करत होती.

ते लोक गेले. शालन मुद्दाम त्यांच्याबरोबर रिक्षापर्यंत गेली. मी भव्याच्या समोर बसलो आणि सांगितलं. अठ्ठ्याहत्तरपासून. तपासणी, अट, पन्नास टक्के, हेब्बाळ, पेरू. तिला त्यातलं बरंचसं माहीत होतं, तरी एकदाही मधे बोलली नाही. मी म्हटलं, "मलासुद्धा फसवलं गं सगळ्यांनी."

"कोणाचं नाक, कोणाची बोटं, त्याचं मला एवढं नाही वाटलं," ती म्हणाली. "रडले दोन दिवस, झालं. पण देणारा आपल्यातला होता, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो, पण..."

"आईनं तुम्हाला आठवण करून दिली. मी ऐकलं, अप्पा. क्लासला गेले नव्हते, वही घ्यायला परत आले होते. सगळं नाही कळलं तेव्हा. आपल्यातला म्हणजे काय, कुठले पन्नास टक्के. पाय बघितले त्या दिवशी कळलं." तिनं ताटातल्या अक्षता गोळा केल्या. "तीनशे घरं आहेत, म्हणालात. आणि त्याचे पाय धुवायला बसलात. मला विचारलंसुद्धा नाही. पंधरवड्यात माझा शब्द देऊन टाकणार होतात."

मला काही सुचलं नाही. मला, सुचलं नाही.

"तुम्हाला माझ्यापेक्षा तुमचे पन्नास टक्के खरे करायचे होते," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

अंबुबाईनं शेवटी नावं दिली. डॉक्टरीणबाईच्या हाताला गुण आहे, असं आमच्यातल्या चार घरांना तिनंच सांगितलं होतं. चारही घरांत आता चौदा ते अठराची पोरं आहेत. दोन घरांत शब्दाची बोलणी चालू आहेत. कोणाची कोणाशी, हे भव्या आणि अभिराजनं त्या दर्शिनीतल्या कागदावर मांडलं होतं. मी ज्याला प्रेमपत्र समजलो तो कागद. नावं तेव्हा अंदाजानं घातली होती, तीन बरोबर निघाली.

उमाजी दोन घरांत गेला. दोन मी घेतली. म्हणजे भव्यानं मला दिली.

राजाजीनगरपर्यंत रिक्षात ती पलीकडच्या कडेला बसली होती. नवे सँडल घातले होते. शहरात भरणाऱ्या जागतिक सौंदर्यस्पर्धेच्या विरोधातला कुठलासा मोर्चा, रिक्षा अडकली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"विनोद करायचा नाही," ती म्हणाली. मराठीत.

"आत्ता?"

"तिथे. एकही नाही."

"बरं."

"आधी आपलं सांगायचं. मुलगी तुमच्यासमोर उभी आहे, हिचं असं झालं, मी हिला सांगितलं नाही, असं. मग त्यांचं विचारायचं. त्या घरच्या बाई नाही म्हणाल्या तर वाद घालायचा नाही, फक्त सांगायचं की शब्द देऊ नका."

"पाठ करून आलीस."

"तुम्ही करा."

मी केलं. दोनदा म्हणून दाखवलं. "नाइलाजानं सांगितलं नाही" म्हटलं तर तिनं नाइलाजानं काढायला लावलं.

घर पहिल्या मजल्यावर. जिन्यात मला धाप लागली, रक्तदाब मोजायला डॉक्टर जवळ असता तर त्यानं वही जप्त केली असती. दारासमोर उभा राहिलो. म्हटलं, निदान आता विचारून घेऊ. "भव्या, म्हणजे आपलं आता..."

"मी माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली. "या बायका मोठ्या माणसाशीच बोलतील म्हणून तुम्हाला आणलंय."

मग तिनं बेल वाजवली आणि एक पायरी खाली जाऊन उभी राहिली, माझ्या मागे.

आतून कोणीतरी "कोण?" म्हणालं. मी माझं नाव सांगितलं. पुढे म्हटलं, "भव्याचे वडील," आणि मागे बघितलं नाही. मागून कोणी काही म्हणालं नाही.

दार उघडलं.